चेंडू काखेत मारून

गोल विसरतात. कुणी किती मारले, कुठल्या पायाने मारले, याचा हिशेब आकडेवाल्यांनी ठेवावा. मला फुटबॉलमधलं जे भारी वाटतं ते एका माणसाचं चालणं आहे. ओब्दुलिओ व्हारेलाचं.

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना. तिकीट काढून आलेलेच पावणेदोन लाखांच्या घरात. विश्वचषकासाठी ब्राझीलला नुसती बरोबरी पुरे होती, आणि स्वीडनला सात, स्पेनला सहा गोल चढवून आलेल्या संघाला बरोबरीचं काय ते! उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच फ्रिआसाने गोल मारला. स्टेडियम बेभान झालं.

उरुग्वेचा कप्तान, पाच नंबरचा दणकट सेंटर हाफ, चेंडू उचलतो, काखेत मारतो आणि निघतो. पळत नाही, रमतगमत. ऑफसाइड होता म्हणून पंचाशी हुज्जत घालतो. पंच जॉर्ज रीडर इंग्रज; याचं सगळं स्पॅनिशमध्ये. मग दुभाषा बोलवा म्हणे! गोल काही रद्द होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला हवा होता वेळ. जल्लोष दुधासारखा असतो. उतू जातो, पण आच काढली की बसतो. लोक नाचायचे थांबले आणि त्याला शिव्या घालू लागले. त्याचं काम झालं होतं. पुढे ६६व्या मिनिटाला स्कियाफिनो, ७९व्या मिनिटाला गिज्जा. २-१.

त्याचं खरं भांडण मात्र ब्राझीलशी नव्हतंच. लहानपणी माँटेव्हिडिओच्या रस्त्यावर पेपर विकलेला हा काळा पोरगा आयुष्यभर भांडला तो वरच्यांशी. १९४८च्या खेळाडूंच्या संपात तो पुढे होता. पेन्यारोल क्लबने जर्सीवर जाहिरात आणली, तेव्हा दहा जण ती घालून उतरले, हा साधीच घालून. काळ्यांना नाकात वेसण घालून ओढायचे दिवस गेले, असं त्याने सुनावलं म्हणतात. अंतिम सामन्याआधी आपलेच पदाधिकारी थोडक्या गोलांनी हरलो तरी चालेल म्हणत होते. प्रशिक्षक हुआन लोपेस बचावाचं सांगून बाहेर पडले. माणूस भला, पण त्यांचं ऐकलं तर आपलं स्वीडन होईल, असं याने पोरांना सांगितलं.

त्या रात्री पदाधिकाऱ्यांना हॉटेलात सोडून तो रिओच्या बारमध्ये जाऊन बसला. शेजारी रडणारे ब्राझीलवाले. मैदानावर ज्यांचा आवाज त्याने बसवला, तीच माणसं एकेकटी समोर आल्यावर त्याला त्यांची कणव आली. त्यांच्याबरोबर तो पहाटेपर्यंत पीत राहिला. हा सामना पुन्हा खेळायचा झाला तर मी स्वतःच्याच जाळीत गोल मारीन, असंही पुढे म्हणाल्याचं सांगतात. मला ते खरं वाटतं, रागीट माणसं अशीच बोलतात.

१९५४ला स्वित्झर्लंडमध्ये, छत्तिशीत, इंग्लंडविरुद्ध त्याने गोल मारला, पण दुखापत झाली. उपांत्य फेरीत तो नव्हता, आणि हंगेरीने उरुग्वेला हरवलं. विश्वचषकात तो मैदानात असताना उरुग्वे कधीच हरला नाही.

माराकानाच्या बक्षिसाचं म्हणाल, तर पदाधिकाऱ्यांनी स्वतःसाठी सोन्याची पदकं घडवली आणि खेळाडूंना चांदीची दिली, असं सांगतात. वाट्याला आलेल्या पैशांत व्हारेलाने १९३१ची जुनी फोर्ड घेतली. आठवड्याभरात ती चोरीला गेली.