तक्त्यातली राहून गेलेली ओळ

परवा एकच तक्ता तिसऱ्यांदा लिहायला घेतला. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवताना शेकडो तक्ते केले असतील, पण एकाच तक्त्याने इतकं दमवलं नव्हतं. आणि तक्ता कसला, तर मिलिंग मशीनवर टूलची उंची कशी लावायची याचा!

झालं असं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग मशीन आणि चार-पाच माणसं. बिडाची कास्टिंग येतात, ती घासूनपुसून मापात आणून परत जातात. दिवाळीला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर अजून तसंच आहे का? एक तक्ता लिहून द्या. पोरं पायऱ्या विसरतात. मी सांगितलं की एका कानाने ऐकतात. भिंतीवर लिहिलेलं असलं की बरं."

अक्षराची स्तुती झाली की मी कशालाही हो म्हणते, हा माझा जुना दोष. पण जे कळत नाही ते लिहिणार कसं? म्हणून दुसऱ्या दिवशी रिक्षा करून वर्कशॉपात गेले. कोपऱ्यात स्टूल मिळालं, चहा मिळाला, आणि सगळं समजून घ्यायला सुरुवात केली.

मला जे कळलं ते सांगते. या मशीनमध्ये कापणारं टूल वर असतं आणि जॉब खाली टेबलावर, वाइसमध्ये घट्ट धरलेला. टेबल ज्यावर असतं त्या भागाला 'नी' म्हणतात. हँडल फिरवलं की नी टेबलासकट वर-खाली होतो. मशीनच्या बाजूला काचेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या काचेवर दर 20 मायक्रॉनवर एक रेघ असते. डोळ्याला त्या रेघा दिसत नाहीत, पण एक डोकं त्यांवरून सरकत त्या मोजत जातं आणि समोरच्या डब्यावर आकडे उमटतात. तो डबा म्हणजे डिजिटल रीडाउट. अर्ध्या सेंटीमीटरचा हजारावा भाग तो दाखवतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड.

मला वाटलं, एवढं बारीक दाखवणारं यंत्र असल्यावर चूक होईलच कशी? तो हसला. म्हणाला, "बाई, त्याला नी कुठे आहे ते कळतं. टूल किती लांब आहे ते कुठे कळतं?"

खरंच की. आपल्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्रसपाटी काढून टाकली तर तो आकडा कशाचाच नाही. रीडाउटचंही तसंच. शून्य कुठलं ते माणसाने सांगायचं, पुढची मोजणी तो इमानाने करणार. शून्य चुकीचं दिलं तर तितक्याच इमानाने चुकीचं मोजणार.

टूल मात्र एक नसतं. सपाट करायचं वेगळं, खाच पाडायचं वेगळं, भोक पाडायचं वेगळं, आणि प्रत्येकाची लांबी निराळी. टूल बदललं की दरवेळी पहिल्यापासून शून्य लावत बसायचं का? म्हणून ही युक्ती. एक टूल मुख्य धरायचं. टेबलावर झेड सेटर ठेवायचा, म्हणजे वर दाबबटण आणि बाजूला डायल असलेला ठोकळा. मशीन बंद ठेवून नी सावकाश वर घ्यायचा. टूलने बटण दाबलं आणि डायलचा काटा शून्यावर आला की रीडाउटवर शून्य करायचं. मग दुसरं टूल लावून, त्याच ठोकळ्यावर, काटा परत शून्यावर आणायचा. आता रीडाउटवर जो आकडा दिसेल तो दोन टूलमधला फरक. समजा 12.340 आला, तर दुसरं टूल पहिल्यापेक्षा तेवढ्या मिलिमीटरने लांब किंवा आखूड. असा प्रत्येक टूलचा फरक रीडाउटच्या यादीत भरून ठेवायचा. यालाच टूल ऑफसेट म्हणतात. नवा जॉब आला की मुख्य टूल जॉबच्या माथ्याला टेकवून शून्य लावायचं, बाकीच्यांचे फरक तसेच लागू पडतात. जॉब बदलतो, फरक बदलत नाहीत.

पण त्यातही पोटकलमं आहेत. टूल कोलेटमधून काढून परत बसवलं की पूर्वीइतकंच बाहेर राहील याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाला आपला होल्डर, आणि काढायचं ते होल्डरसकट. होल्डरचा निमुळता भाग पुसूनच बसवायचा, लोखंडाचा बारीक कीस अडकला तरी माप गेलं. कटरला चार दात असतील तर हाताने फिरवून सगळ्यात खाली येणारा दात बघायचा. नी नेहमी खालून वरच आणायचा. जास्त वर गेला तर चांगला खाली घेऊन पुन्हा वर. आकडा वाचायच्या आधी नी लॉक करायचा, कारण लॉक करतानाही तो किंचित हलतो.

तिथला एक म्हातारा मिस्त्री हे सगळं सिगरेटच्या पातळ कागदावर करतो. कागद टूलखाली सरकवत राहतो आणि तो अडकला की थांबतो. कागदाची जाडी त्याला पाठ आहे. म्हणाला, "डायल कशाला, बोटाला समजतं." त्याच्या बोटांचा मला हेवा वाटला. पण ती बोटं तक्त्यात उतरवता येत नाहीत.

मी वहीत सगळं टिपलं आणि घरी येऊन तक्ता लिहिला. नऊ पायऱ्या. पहिल्या खर्ड्यात 'उपकरणाची उंची निश्चित करावी' असं होतं. पोरं फिदीफिदी हसली. मग 'टूलची उंची लावा' केलं. कार्डशीटवर काळ्या शाईने लिहून, वर प्लॅस्टिक चढवून तो मशीनशेजारी लागला. जाता-येता मी त्याच्याकडे बघून घ्यायचे, खोटं कशाला बोलू!

तीन आठवड्यांनी सहज गेले होते. नवीनच लागलेला एक पोरगा मिलिंगवर होता. पंपाच्या कास्टिंगचा एक चेहरा अर्धा मिलिमीटर सपाट करायचा होता. तो तक्त्याकडे बघत, ओठ हलवत एकेक पायरी करत होता. मला इतकं बरं वाटलं! टूल जॉबच्या बाजूला उभं करून त्याने नी वर घेतला, रीडाउटवर उणे 0.500 आणलं, लॉक केलं, मशीन चालू केलं आणि टेबल टूलकडे सरकवलं.

काडकन आवाज झाला. कटर मोडला, जॉबमध्ये साडेपाच मिलिमीटर खोल घाव. अर्ध्याच्या जागी साडेपाच.

माझा विद्यार्थी धावत आला. मशीन बंद केलं. पोराला कुठे लागलं नाही ना ते आधी बघितलं, आणि मग सुटला. "तक्ता लावून दिलाय समोर! अक्षरं दिसत नाहीत? लक्ष कुठे असतं तुझं?"

पोरगा रडवेला झाला होता, पण म्हणाला, "मालक, सगळं केलंय. एकेक ओळ वाचून केलंय. आज्जीला विचारा, त्या बघत होत्या."

मी बघत होतेच. त्याने एकही पायरी गाळली नव्हती.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी मशीनपाशी येऊन एक नजर टाकली आणि सांगितलं, "क्विल खाली हाय."

टूल ज्या नळीत बसतं ती क्विल. भोकं पाडताना दांडा ओढून ती खाली आणता येते. सकाळी कुणीतरी भोकं पाडली होती आणि क्विल पाच मिलिमीटर खाली असतानाच लॉक राहिली होती. रीडाउटची पट्टी नीला बसवलेली, त्यामुळे क्विल खाली आल्याचं त्याला कळतच नाही. ऑफसेट घेतले होते क्विल पूर्ण वर असताना. म्हणून कुठल्याही कामाआधी क्विल वर घेऊन लॉक करायची, ही खरी पहिली पायरी.

आणि ती तक्त्यात नव्हती.

मी माझी वही काढून बघितली. तिच्यातही नव्हती. माझ्या विद्यार्थ्याने मला समजावून सांगताना ती सांगितलीच नव्हती. पण केली मात्र होती. मशीनपाशी उभं राहिलं की त्याचा डावा हात आपोआप क्विलच्या लॉककडे जातो. मी त्या दिवशी तो हात बघितला होता, काय करतो आहे ते विचारलं नाही. त्याच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून त्याने सांगितलं नाही. मला दिसलं, पण ती पायरी असेल असं वाटलं नाही.

"चूक पोराची नाही. तक्ता माझा आहे," मी म्हणाले. चार वाक्यंसुद्धा नाहीत ही, पण उच्चारताना घसा कोरडा पडला. वर्गात असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. तो गप्प झाला. मग पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहा आणायला पिटाळलं.

चहा पिताना तो हसत म्हणाला, "बाई, तुमचे प्रयोग आठवले."

1986 साली तो माझ्या वर्गात आठवीत होता. कर्तरी, कर्मणी, भावे. मी सांगायचे, क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं ते बघा. 'राम आंबा खातो', कर्तरी. 'रामाने आंबा खाल्ला', कर्मणी. निम्मा वर्ग पटापट सांगायचा. हा फळ्याकडे टक लावून बसायचा आणि चुकायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा दिला होता.

"मी लक्ष देऊन बघायचो, बाई," तो म्हणाला. "पण वाक्यात काय बदलतंय तेच दिसायचं नाही. वाक्य तर फळ्यावर तसंच असायचं. ते आपण बदलून बघायचं असतं, रामाच्या जागी सीता, आंब्याच्या जागी चिंच घालून, हे मला पुढे पोरीचा अभ्यास घेताना कळलं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. 'रामाने आंबा खाल्ला', 'सीतेने आंबा खाल्ला', क्रियापद हललं नाही. 'रामाने चिंच खाल्ली', हललं. म्हणजे कर्मणी. ही अदलाबदल मी मनातल्या मनात, क्षणात करायचे. ज्या मुलांच्या घरी कुणी शिकलेलं होतं त्यांना ती घरून मिळत असावी. बाकीचे फळ्याकडे बघत बसायचे, आणि त्यांना मी शेरे द्यायचे. चौतीस वर्षांत असे किती शेरे लिहिले असतील, त्याचा हिशोब आता कुठल्या वहीत मांडू?

"सांगायचं होतंस रे तेव्हा," मी म्हणाले.

"काय सांगणार? काय माहीत नाही तेच माहीत नव्हतं."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

असो. नवा तक्ता लिहिला. पहिली ओळ, क्विल पूर्ण वर घ्या, लॉक करा. तो लावायच्या आधी मात्र त्याच पोराला पुढे उभं केलं आणि म्हटलं, मी काही बोलणार नाही, तू फक्त वाचून कर. चौथ्या पायरीला तो थांबला. 'होल्डर पुसून बसवा.' म्हणाला, "आज्जी, होल्डर पुसला, पण तो जिथं बसतो ती आतली जागा पुसायची का न्हाई?"

पुसायची होती. सगळेच पुसतात. लिहिलं कुणीच नव्हतं.

म्हणून आता हा तिसरा तक्ता. बारा ओळी झाल्या आहेत. खाली चार बोटं जागा कोरी सोडली आहे आणि या वेळी वर प्लॅस्टिक चढवलेलं नाही.