खाली गुंता, वर दोष

शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर दोष वरच्या दोऱ्यात शोधावा. वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावत असेल, तर वरचा ताण जास्त झाला आहे किंवा खालचा कमी पडला आहे. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचा हा पहिला धडा. नव्या माणसाला तो पटत नाही. गुंता खाली दिसतो म्हणून तो खाली हात घालतो, बॉबीनच्या डबीचा स्क्रू पिळतो. मग वरचा पिळतो. मग पुन्हा खालचा. शेवटी दोन्ही दोरे इतके आवळले जातात की शिवण चुरगळते आणि दोरा तुटतो.

असं का होतं, ते टाक्यातच आहे. एलायस होवेने 1846 मध्ये अमेरिकेत ज्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, तोच टाका आजही कारखान्यांत चालतो. जागतिक मानकांत त्याला 301 असा क्रमांक आहे. यात दोरे दोन, एक वरून सुईतून येणारा आणि एक खाली बॉबीनवर गुंडाळलेला. सुई तळाला जाऊन वर निघाली की तिच्या पाठीशी दोऱ्याचा बारीकसा फुगा होतो. फिरत्या शटलचं टोक नेमकं त्या फुग्यात शिरतं, वरचा दोरा पकडून बॉबीनभोवती फिरवून आणतं. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा दांडा तो दोरा वर खेचून घेतो. दोघांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसली, की शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वरच्या दोऱ्याला धरून ठेवणारा ताण नसेल, तर खाली गेलेला दोरा पुरता वर येतच नाही, खालीच फास होऊन राहतो. हे सगळं मिनिटाला चार-पाच हजार वेळा होतं. डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त खालचा गुंता.

मी हे काम सोलापुरात करतो. मिलचे भोंगे ऐकत आमच्या वडलांची पिढी मोठी झाली, आम्ही गणवेशांच्या युनिटमध्ये. एका हॉलमध्ये वीस, तीस, कधी साठ मशीन. कंपनी कुठलीही असो, सरळ शिवणीच्या या मशीनला सगळे जुकीच म्हणतात. हॉलमध्ये एका वेळी मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चालते. मी दोरा म्हणतो, शेजारची बाई दारम् म्हणते, पलीकडची दारा, आणि कोनवर धागा पुरवणारा व्यापारी धागा. त्यावरून कधी कोणाचं अडलेलं नाही. ‘टेन्शन’ मात्र सगळ्यांचं एकच. मशीन बिघडली की ‘टेन्शन गेलं’ म्हणतात, आणि ऐकणारा हमखास म्हणतो, ‘नशीबवान आहे.’

माझे वस्ताद तेलुगू होते. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातमाग होता, त्यामुळे दोऱ्याची जाण त्यांच्या बोटांत होती. त्यांनी मला तपासणीचा क्रम घालून दिला आणि तो मोडला की हातातला पेचकस काढून घेत. आधी दोरा पूर्ण काढायचा आणि प्रेशर फूट वर उचलून पुन्हा ओवायचा. फूट वर असला की ताणाच्या दोन चकत्या उघड्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या काठावरच राहतो आणि ताण लागतच नाही. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग सुई. खालच्या टोकाला नखाने चाचपायची, बोथट वाटली की बदलायची. बसवताना लांब खाच डावीकडे, कारण शटल उजवीकडून येतं. मग चकत्यांमधून कापडाची घडी फिरवायची. तिथे अडकलेला दोऱ्याचा कापूस त्यांना मिटू देत नाही. मग बॉबीन. ती काठोकाठ भरलेली नसावी, सैल-घट्ट गुंडाळलेली नसावी. पॉलिस्टरचा दोरा फार वेगात, ताणून भरला तर शिवणीत गेल्यावर आखडतो आणि धुण्याआधीच शिवणीला चुण्या पडतात. मग डबीतून आलेला दोरा चिमटीत धरून डबी हवेत लोंबती सोडायची. हलका झटका दिला की ती दोन-तीन इंच घसरून थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

एवढं झाल्यावर स्क्रू. आणि सगळ्यात शेवटी शटलचं टायमिंग, कारण सुई आणि शटलचं टोक यांच्यात कागदाच्या जाडीएवढीच फट असते. तिथे उगाच हात घातला तर सकाळची मशीन संध्याकाळपर्यंत उठत नाही. वस्ताद म्हणत, ‘स्क्रू फिरवायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळे आधी तोच फिरवतात.’

या क्रमात एक गोष्ट नव्हती. ती मला काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कळली.

मे हा आमचा सीझन. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्याआधी शर्टांचे गठ्ठे बाहेर पडायला हवेत. हॉलमध्ये पत्र्याखाली अंग भाजून निघतं. एका युनिटमधून निरोप आला की बटणपट्टीच्या एका मशीनवर खाली फास येतात. मी गेलो, क्रमाने सगळं तपासलं. दोरा ओवला, सुई बदलली, चकत्या पुसल्या, डबी लोंबवून पाहिली. चिंधीवर शिवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी शिवण सुतासारखी सरळ. सुपरवायझरने स्वतः बसून पाहिलं, तीही स्वच्छ. मग ती बाई बसली, आणि पट्टीच्या मध्यापासून खाली फास लोंबायला लागले.

सुपरवायझर म्हणाला, ‘बघितलंत मामा? मशीन ठीक आहे. वहीत तसं लिहा. हिचंच लक्ष नाही आता कामात.’

‘आता’ म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. तिला सातवा महिना होता. दोन वर्षं याच मशीनवर तिने बटणपट्ट्या मारल्या होत्या, कधी तक्रार नव्हती. गेले पंधरा-वीस दिवस शर्ट परत येत होते. आमच्याकडे काम नगावर. परत आलेला शर्ट उसवायचा, पुन्हा शिवायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. उसवताना कापड फाटलं तर त्याचे कापून घेतात. वहीत ‘मशीन ठीक’ लिहिलं गेलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून त्या मशीनवर दुसरी बसली असती आणि हिला दोरे कापायला बसवलं असतं, निम्म्या पैशांत.

तिने मला हळूच विचारलं, ‘मामा, माझ्या हातालाच काही झालं असेल का?’

मी तिला म्हणालो, ‘ताई, तू शिव. रोज जशी शिवतेस तशी.’ आणि मी टेबलाजवळ जमिनीवर बसलो.

खाली बघितल्यावर मिनिटभरात कळलं. पोटामुळे तिने स्टूल मागे घेतलं होतं. पायट्यापर्यंत पाय पोचावा म्हणून ती पुढे सरकून, गुडघे फाकवून बसत होती. या मशीनला टेबलाखाली उजव्या गुडघ्याजवळ एक पॅड असतो. हात कापडावरच ठेवून फूट उचलता यावा म्हणून तो गुडघ्याने दाबतात. आणि फूट उचलला की ताणाच्या चकत्या उघडतात, ओवताना आपण ज्याचा उपयोग करतो तेच. तिचा गुडघा त्या पॅडला टेकत होता. छोट्या शिवणीत काही होत नव्हतं. लांब पट्टीवर पूर्ण वेग घेतला की पाय दाबताना गुडघा आणखी बाहेर जाई, पॅड जरासा सरके. फूट उचलल्याचं वरून कळतही नसे, पण चकत्या पुरत्या मिटलेल्या नसत. वरचा दोरा मोकळा सुटे आणि खाली फास होई. मी बसलो किंवा सुपरवायझर बसला की पॅडला काही लागत नव्हतं. म्हणून मशीन आमच्यासाठी ठीक होती आणि तिच्यासाठी नव्हती.

पॅडचा बोल्ट सैल करून तो चार बोटं उजवीकडे घेतला. पाच मिनिटांचं काम. तिने लागोपाठ तीन पट्ट्या मारल्या, उलटून पाहिल्या. मग काही न बोलता चौथी घेतली.

राहिली वही. सुपरवायझर शेजारी उभा होता. कारण पूर्ण लिहायचं तर तिचं पोट, तिचं बसणं, सगळं लिहावं लागलं असतं. तेही खोटं नव्हतं. पण ते वाचून मालकाने पहिलं काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं. पॅड हलवण्यापेक्षा बाई हलवणं त्यांना सोपं वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला वहीतली एक ओळ पुरते. मी लिहिलं, ‘गुडघ्याचा पॅड चुकीच्या जागी. सरकवला. शिवण तपासली, ठीक.’ दुरुस्तीच्या वहीत बिघाड मशीनचा लिहितात, आणि मशीन बसणाऱ्या माणसाला जुळवायची असते, हे आमच्या कामाचंच आहे. सुपरवायझरने वाचलं, सही केली.

आधी कापलेले पैसे तिला परत मिळाले नाहीत. मी एकदा विषय काढून पाहिला, पण तो सीझन संपल्यावर बघू म्हणाला आणि सीझन संपल्यावर कोणी बघितलं नाही. मात्र जूनपर्यंत ती त्याच मशीनवर बसली. नंतर माहेरी गेली. पुढच्या वर्षी त्या युनिटमध्ये गेलो तेव्हा त्या जागी दुसरी होती. पॅड कोणीतरी पुन्हा डावीकडे घेतला होता. तिच्या गुडघ्याला तो तसाच सोयीचा होता.

आता माझ्याकडे दोन पोरं शिकतात. त्यांना मी वस्तादांचाच क्रम देतो, फक्त सुरुवातीला एक पायरी वाढवली आहे. पेचकस काढण्याआधी, दोरा काढण्याआधी, जिची मशीन आहे तिला बसवायचं आणि तिला रोजच्यासारखं शिवू द्यायचं. आपण खाली बसून तिचे पाय, गुडघे, स्टूलची उंची, पायट्याचा कोन बघायचा. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, आणि बहुतेक वेळा खाली काहीच सापडत नाही. मग उठायचं, फूट वर करायचा आणि दोरा पहिल्यापासून ओवायचा.