मारिओच्या घरी आलेले पाहुणे

मागच्या महिन्यात मी एक चूक केली. मोठ्या माणसांच्या चुका सहसा छापून येत नाहीत, म्हणून ही मुद्दाम सांगतो.

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत ‘स्क्रॅच’ शिकल्यापासून घरीही तिचं काहीतरी चालू असतं. एका रविवारी तिनं मला हात धरून संगणकापुढे बसवलं. पडद्यावर मारिओच्या खेळातल्यासारख्या विटा आणि हिरवे पाइप होते, आणि त्यांवरून उड्या मारत चालला होता छोटा भीम! लाडू खाल्ला की त्याच्या अंगात बळ यायचं.

मी पटकन बोलून गेलो, “अगं, पण यात तुझं काय? मारिओ दुसऱ्याचा, भीमही दुसऱ्याचा. ही तर उचलेगिरी झाली!”

ती काही बोलली नाही. तिनं संगणक बंद केला आणि उठून गेली. रात्री जेवतानाही गप्पच.

मग मला माझा दादा आठवला.

१९९४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला होता. कॅसेट एकच, पण तिच्यात मारिओही होता आणि काँट्राही. मी मारिओवाला, दादा काँट्रावाला. “तुझ्या मारिओला साधी बंदूक नाही,” दादा म्हणायचा. “तुझ्या काँट्रावाल्याला कासवावर उडी मारून दाखव म्हणावं,” असं मी म्हणायचो. भांडण हातघाईवर आलं की आई अॅडॅप्टर काढून कपाटात ठेवायची. मग दोघंही चूप!

त्या भांडणाचा निकाल लागायला २०१० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये जे पावलिना नावाच्या अमेरिकन तरुणानं ‘सुपर मारिओ ब्रदर्स क्रॉसओव्हर’ हा खेळ इंटरनेटवर फुकट खेळायला ठेवला. तो कुठल्या कंपनीनं काढलेला नव्हता. जुन्या खेळांच्या एका चाहत्यानं केलेला होता. क्रॉसओव्हर म्हणजे एका गोष्टीतली पात्रं दुसऱ्या गोष्टीत पाहुणी म्हणून येणं. इथं घर होतं १९८५ च्या मारिओचं, म्हणजे तीच आठ जगं आणि प्रत्येकात चार टप्पे. पाहुणे मात्र पाच खेळांतून आलेले: झेल्डाचा लिंक, काँट्राचा बिल, कॅसलव्हेनियाचा सायमन, मेट्रॉइडची सामस आणि मेगा मॅन.

मी लगेच दादाला फोन केला. तो तेव्हा नोकरीसाठी नागपुरात होता. म्हणाला, “अरे, बिल मारिओच्या पाइपवर उभा आहे!” चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण आवाज थेट सुट्टीतला.

खेळ खरोखर मजेचा होता. प्रत्येक टप्प्याआधी पात्र निवडायचं आणि जो निवडाल त्याच्या मूळ खेळातलं संगीत वाजायचं. रस्ता तोच, पण चालणारा बदलला की रस्ताच नवा वाटायचा. सामस गोळा होऊन गडगडत जायची. सायमन चाबूक चालवायचा. आणि लिंक? त्याच्या १९८६ च्या पहिल्या खेळात आपण त्याला वरून पाहतो, तिथं उडी मारायची सोयच नाही. त्याला मारिओच्या जगात आणायचं तर तो उडी कशी मारेल, तलवार कशी चालवेल, हे नव्यानं ठरवावं लागलं. ही काही नुसती नक्कल नव्हे.

पण दोषही होते. मारिओचं जग मारिओच्या उडीच्या मापानं बेतलेलं आहे. शत्रू कुठे ठेवायचा, खड्डा किती रुंद, हे सगळं त्या उडीचा विचार करून ठरवलेलं. तिथं बंदूक घेऊन बिल आला की तो लांबूनच सगळ्यांना आडवा करतो. दादा मला चिडवायला लागला, पण दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, “बिल घेतला की फार सोपं होतं रे. मजा जाते. मी आता मारिओच घेतो.” सोळा वर्षांचं भांडण असं मिटलं!

दुसरा प्रश्न परवानगीचा. ही पात्रं निंतेंदो, कोनामी आणि कॅपकॉम या जपानी कंपन्यांची. चाहत्यानं प्रेमानं केलं, पैसे घेतले नाहीत, तरी मालकी बदलत नाही. कधीकधी मालक कौतुकही करतो. सिंगापूरच्या एका चाहत्यानं मेगा मॅनची गाठ स्ट्रीट फायटरच्या लढवय्यांशी घालून दिली, त्यांत आपला योगी धालसिमही होता. कॅपकॉमनं तो खेळ डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःच फुकट वाटला. पण असं भाग्य क्वचितच.

आणि तिसरं, पावलिनाचा खेळ फ्लॅशवर चालायचा. २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅशला रामराम ठोकला, त्यामुळे तो आता पूर्वीसारखा सहज सुरू होत नाही.

म्हणजे ज्या गोष्टीचं मी दादाजवळ तोंड भरून कौतुक केलं, तीच माझ्या मुलीनं केली तर ती उचलेगिरी!

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, “माझं चुकलं. मला खेळू दे.” तिनं जरा आढेवेढे घेतले, मग संगणक लावला. मी नीट खेळलो आणि मग खरा दोष सापडला. लाडू खाल्ला की भीम मरतच नव्हता. “हा तर आमचा बिल झाला,” मी म्हणालो. ती हसली. लगेच कामाला लागली आणि लाडवाचं बळ दहा सेकंदांवर आणलं. आता कुठला लाडू कधी खायचा, याचा विचार करावा लागतो. मी तीनदा खड्ड्यात पडलो.

काल तिनं खेळाच्या शेवटी एक पाटी लावली. मी न सांगता. ‘मारिओ : निंतेंदो. भीम : ग्रीन गोल्ड. दहा सेकंदांची युक्ती आणि सगळ्या चुका : माझ्या.’

आज रात्री दादाला खेळायला बोलावलंय.