डब्यावर सूट नाही, माताजी

लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याहून जयपूरला गेले होते. तिचं घर झालाना डुंगरीच्या बाजूला. एका अंगाला सरकारी संस्थांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला टेकड्या आणि बिबट्यांचं जंगल. शेजारीपाजारी बिबट्याच्या गप्पा मारत आणि आमचा दिवस दुधाच्या हिशेबात जाई. नात दिवस भरण्याआधी झालेली, वजनाला कमी, त्यात लेकीला दूध पुरेसं येईना. डॉक्टरांनी अंगावरचं दूध चालूच ठेवायला सांगितलं आणि वरून पावडरचं दूध लिहून दिलं.

औषधाच्या दुकानात सगळ्याला सूट. गोळ्यांवर दहा टक्के, डायपरच्या दोन पाकिटांवर साबण फुकट. दुधाचा डबा मात्र छापील किमतीला. घासाघीस केल्याशिवाय मला खरेदी पचत नाही, म्हणून विचारलंच. काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "माताजी, इस पे कुछ नहीं मिलेगा. कानून है." चारशे ग्रॅमचा डबा, तोही आठवडाभर पुरायचा नाही.

घरी येऊन डबा नीट वाचला. त्यावर बाळाचं चित्र नाही, आईचं नाही. उलट ठळक अक्षरांत लिहिलेलं, की आईचं दूधच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम. स्वतःच्या मालाविरुद्ध बोलणारा माल मी पहिल्यांदाच पाहिला!

हे 1992 च्या कायद्यानं घडवलंय. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दूधपावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, खप वाढवण्यासाठी गरोदर बाईला किंवा बाळाच्या आईला गाठायचं नाही, दुसरं कुठलंही आमिष दाखवायचं नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. या कायद्यासाठी झगडणारं 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' 3 डिसेंबर 1991 रोजी स्थापन झालं ते आमच्या वर्ध्यातच. कायदा मोडणाऱ्याविरुद्ध थेट न्यायालयात जाण्याचा अधिकार सरकारनं ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांतली ती एक. मुंबईची 'अकॅश' दुसरी. जयपूरच्या दुकानात माझी सूट अडवणारा नियम माझ्या गावच्या लोकांनी रेटलेला निघाला, याचं मला हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला.

जावयांनी मात्र मोबाइल पुढे केला. तोच डबा, छापील किंमत खोडलेली, खाली कमी किंमत, आणि दर महिन्याला मागवाल तर आणखी कमी. म्हणजे गल्लीतल्या दुकानदारानं कायदा पाळायचा आणि मोबाइलवरच्या दुकानानं नाही? त्या पोराची मला कीव आली.

दुसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा जवळच्या वस्तीतली एक बाई सर्वांत छोटं पाकीट मागत होती. जाऊ कामावर जाते, तिच्या बाळासाठी. महाग पडत असेल, असं मी म्हटलं, तर ती सहज म्हणाली, "पानी ज़्यादा डाल देते हैं, चल जाता है." पातळ केलेल्या दुधानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण बाळाच्या अंगी काही लागत नाही. पाणी अशुद्ध असेल तर हगवण ठरलेली. मी तिला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण पाकिटाची किंमत तेवढीच राहिली.

म्हणून सूटबंदीबद्दल माझं मत सरळ आहे: ती हवीच. 'दोनवर एक' पाहून जिच्या अंगावर दूध आहे तीही डबा उचलते, आणि बाळानं अंगावर पिणं कमी केलं की दूधही कमी होत जातं. मग पुढचा डबा तिला पुऱ्या किमतीला घ्यावाच लागतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 1981 च्या ज्या संहितेवरून आपला कायदा आला, तिनं कूपन, बक्षिसं, खास सवलती यांना बंदी घालताना कायमस्वरूपी कमी किंमत ठेवायला मोकळीक दिली आहे. आमिष वेगळं, स्वस्ताई वेगळी, हे तिथं स्पष्ट आहे. आपण आमिषापुरतं वाचलं आणि स्वस्ताईचं कलम कंपन्यांच्या मर्जीवर सोडलं. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हे खरं, पण ती किंमत छापणार कंपनीच. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणानं फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं, की तिथलं कुठल्याही कंपनीचं दूध बाळाच्या पोषणाची गरज भागवतं, तरी महाग ते चांगलं असं समजून आईबाप जास्त पैसे मोजतात. आपल्याकडेही दुकानात याहून वेगळं काही मला दिसलं नाही.

हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला सरकारनं 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली, कारण रुग्णाला तिथं निवड नसते. ज्या बाळाला आईचं दूध मिळूच शकत नाही, त्यालाही ती नसते. दूधपावडर कायद्यानं अन्न आहे, औषध नाही, म्हणून ती औषधांच्या किंमत-नियंत्रणाबाहेर राहते. सरकारनं जाहिरातबंदी अशीच कडक ठेवावी, मोबाइलवरच्या दुकानांनाही ती लावावी, आणि डब्यावरच्या किमतीला एकदाची मर्यादा घालावी.