बेलापूरहून, सुट्टीतल्या चित्रवर्गातून

प्रिय सखी,


तुझ्या लेकीच्या सुट्टीतल्या आर्ट वर्कशॉपचे फोटो पाहिले. काय ते ईझल, काय ते ॲप्रन! आमचंही उन्हाळी शिबिर सुरू आहे बरं का. सकाळी लवकर भरतं, कारण दहानंतर वरचे पत्रे तापतात आणि कोपराच्या घामाने कागद ओले होतात. रंगांचं पार्सल तेवढं आधी नवी मुंबईचं बेलापूर बघून आलं. ‘ता. श्रीरामपूर’ ठळक लिहिलं होतं, पण वाचतंय कोण!

मुलं आठवी-नववीची. खरं सांगू? बरीचशी आलीत ती एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. या मार्कांवर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी नाही मुरडत. ‘पोरगी चित्रं छान काढते’ एवढ्यावर इथे कुणी पोस्टर कलरची पेटी घेऊन देत नाही गं. ‘मार्क वाढतात’ म्हटलं की बाप स्वतः दुकानात जातो. त्या सात मार्कांच्या आडोशाने पोरगी तास न् तास बोर्डावर मान घालून बसते आणि ‘ऊठ, भांडी घास’ असं कुणी म्हणत नाही. मला तेवढं पुरे.

परवा वस्तुचित्रासाठी प्लास्टिकच्या सफरचंदाला सुट्टी दिली आणि उसाचे तुकडे मांडले. एका मुलीने सगळे डोळे एकाच बाजूला काढले. शेजारचा पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “असा ऊस असतो व्हय? एक डोळा इकडं, तर पुढचा तिकडं.” लागणीच्या वेळी दोन डोळ्यांची टिपरी तोडून हात बसलेला त्याचा. पेराजवळची पांढरट भुकटी दाखवायला त्याने तेवढा कागद कोरा सोडला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या भूमितीची मात्र बोंब आहे. कंपास हातात धरला की वर्तुळाचा बटाटा होतो.

मध्यंतरी सगळ्यांना नगरला महावीर कलादालनात नेलं. चित्रकार प्रमोद कांबळ्यांनी पेन्सिलीने भिंतभर काढलेली थोरामोठ्यांची चित्रं बघून पोरं आधी गप्प झाली, मग हिशेब सुरू: “मॅडम, पेन्सिली किती लागल्या असतील?” छायाभेद, प्रमाण वगैरे माझं भाषण त्यात वाहून गेलं.

आता स्मरणचित्र घ्यायचंय. ‘बाजार’ विषय दिला की सगळ्यांच्या कागदावर गाइडमधलीच बाई तीच टोपली घेऊन बसते. म्हणून आधी कागद-पेन्सिलीशिवाय गावच्या बाजारात फिरवणार आहे. बातमी घरोघर पोचलीय. एका आईने पोराच्या हाती पिशवी देऊन निरोप पाठवलाय, “जाताच आहात तर अर्धा किलो गवार आणा, कोवळी बघून.”

तुझी,
बेलापूरकर मैत्रीण