मोतीला घेऊन समुद्राकडे

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र लांबच. आमची मुलं मोठी झाली ती विहीर, शेततळं आणि उन्हाळ्यातला टँकर बघत. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं, तेव्हा आमच्या धाकट्या भावाने एकच अट घातली, मोती बरोबर हवा.

काचबिंदूने भावाची नजर गेली, त्याला सहा वर्षं झाली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोती हा शेतावरचा साधा गावठी कुत्रा. त्याला कुणी शिकवलं नाही, पण दोरी ताणून तो भावाला बांधावरून वस्तीवर नेतो आणि विहीर जवळ आली की आडवा उभा राहतो. परदेशात अशा कुत्र्यांना रीतसर शिक्षण देतात. अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून हेच काम करते.

अम्मींना पटेना. “कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, अन् तुम्ही त्याला गाडीत बसवणार?”

भाऊ म्हणाला, “अम्मी, शेताच्या, कळपाच्या अन् शिकारीच्या कुत्र्याला हदीसमध्येच मुभा आहे. मोती शेताचाच आहे. मला तर तो डोळ्यांच्या जागी आहे.”

अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “येऊ दे. पण भांड्यांपासून लांब.”

नात्यातल्या एकांची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीट काढून गाद्या टाकल्या. शेगडी, पाण्याचे कॅन, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरली. मोतीसाठी दाराजवळ वेगळं पोतं, वेगळं भांडं. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो. चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास, त्यामुळे चार रकातींच्या जागी दोन. वाटेत एका लॉजवाल्याने कुत्रा पाहून खोली नाकारली. ती रात्र गाडीतच काढली आणि पुढेही गाडीच आमचं घर झाली.

रत्नागिरीत ओळखीच्या एका कुटुंबाकडे जेवण होतं. आम्ही हनफी, ते बहुतेक कोकणी मुसलमानांप्रमाणे शाफई. आमच्या मसलकात कुत्र्याची लाळ नापाक. त्यांच्याकडे त्याचं ओलं अंग लागलं तरी ती जागा सात वेळा, त्यातून एकदा मातीने, धुवावी लागते. म्हणून आम्ही आधीच फोन करून विचारलं. त्या घरच्या आजींनी अंगणात फणसाखाली जागा करून ठेवली होती, मोतीसाठी मातीच्या परळात पाणीही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही हदीस आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी मुलांना ती वेगळी सांगावी लागली नाही.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून वाळूवर आलो आणि पहिली लाट पायाशी येताच मोती भावासमोर आडवा उभा राहिला. काही केल्या हलेना. भाऊ मोठ्याने हसला, “याला ही विहीरच वाटली!” मग त्याने दोरी आमच्या हातात दिली, आमच्या मुलाचा हात धरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. बराच वेळ. अम्मी वाळूत बसून तस्बीह फिरवत होत्या. शेजारी, हातभर अंतरावर, मोती.

घरी आल्यावर जुम्याचा विषय निघाला. भावाला मशिदीत एकट्याने जायचं असतं. २००८ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाच्या वाटाड्या कुत्र्यासाठी मशिदीच्या प्रवेशाजवळ जागा करून दिली गेली. नमाजची जागा पाक राहिली आणि तरुणालाही जमातीत उभं राहता आलं. आमच्या मशिदीच्या फाटकाबाहेर लिंबाचं झाड आहे. तिथे मोतीला बांधायला एक कडी बसवावी, असा अर्ज आम्ही जमातीकडे दिला आहे. त्यावर पहिली सही अम्मींची आहे.