सराट्याचं फूल

सोलापूर-पंढरपूरकडच्या माणसाला सराटा सांगावा लागत नाही. तो पायात मोडून घेतच मोठा झालेला असतो. पण श्रावणात भीमेकाठच्या रेताड माळावर तोच सराटा जमिनीसरसा पसरतो, त्याला नखाएवढी पिवळी फुलं येतात, आणि शिबिराला आलेली त्याच गावची पोरं विचारतात, "सर, हे कसलं फूल?"

दोष पोरांचा नाही. पाच सुट्या पिवळ्या पाकळ्यांची फुलं माळावर उदंड. नुसत्या फुलाचा फोटो बघून नाव सांगणारं ॲप असो की प्राध्यापक, मी त्यावर विसंबत नाही. त्यातून हे फूल सकाळचं. दुपार कलली की पाकळ्या गळतात. उशिरा उठणाऱ्यांनी ते बघितलेलंच नसतं.

म्हणून मी आधी गुडघे टेकायला लावतो. पानं हरभऱ्याच्या वळणाची, पण शेंड्याला एकटं दल नाही, दलं जोडीजोडीनंच. खोडावर बारीक पांढुरकी लव. आता एक पेर धरायचं. दोन पानं समोरासमोर, पण जोडी विजोड: एक लांब, दुसरं आखूड. पुढच्या पेरावर बाजू उलटते. आणि फूल बसतं ते आखूड पानाच्या बेचक्यात. मला या झाडातलं सगळ्यात देखणं काय वाटत असेल तर ही मांडणी. भिंगसुद्धा लागत नाही, फक्त वाकायची तयारी हवी.

फळ पिकलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाला दोन लांब काटे, खाली दोन आखूड. कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. चपला, सायकलचे टायर, मेंढ्यांची लोकर, सगळीकडून बी फुकटात प्रवास करतं.

औषधाच्या दुकानात हाच लहान गोखरू. दशमुळांत त्याचं मूळ सांगितलंय, तरी पुष्कळदा फळांवरच भागवतात. ते एक वेळ सोडा. पण पोत्यात मोठा गोखरू आला तर माल परत करावा. ते कुळच वेगळं. त्याचं पान साधं, फूल नळीसारखं, ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. वाळल्या मालात ही खूण कामाची नाही, तेव्हा फळ तळहातावर घ्यायचं: चौकोनी, बुडाकडे चार काटे, आणि दाबलं तरी पाच फाका सुटत नाहीत.